गादीवाल्याची दाढ

"सर, अपॉइंटमेंट नाहीये, पण दाढ फुटलीय म्हणतात," सिस्टर दार अर्धवट उघडून म्हणाली, आणि तिच्या खांद्यावरून बाहेरच्या खुर्चीत गाल धरून बसलेला माणूस डॉक्टरला दिसला. गादीवाला. साक्षात गादीवाला, त्याच्या दवाखान्यात, त्याच्याच मासिकांच्या गठ्ठ्यावर आपला ओला रुमाल ठेवून. नाव त्याला ठाऊक होतं, पण नाव घेणं म्हणजे त्या माणसाला मान्यता देण्यासारखं झालं असतं, म्हणून तो मनातल्या मनात त्याला गादीवालाच म्हणायचा. मोठ्या रस्त्यावरच्या गाद्यांच्या दुकानाचा मॅनेजर. गिऱ्हाइकाला बूट काढून गादीवर आडवं व्हायला सांगायचं, आणि ते छताकडे बघत पडलं की शेजारी हात बांधून उभं राहायचं आणि 'कसं वाटतंय?' म्हणून विचारायचं, हा त्याचा धंदा. अशा माणसाकडे त्याची बायको गेली होती. घटस्फोट होऊन गेला होता, तेव्हा बायको म्हणायचं नाही, मुलीची आई. मुलीची आई एखाद्या सर्जनकडे गेली असती, वकिलाकडे, निदान एखाद्या देखण्या लबाडाकडे, तर चार लोकांत सांगायला तरी काही राहिलं असतं. गादीवाल्याकडून हरणं म्हणजे शर्यतीत रस्त्याकडेच्या खांबाकडून हरणं. आणि मुलगीही तिकडेच राहायची. त्याच्याकडे ती एक आड एक रविवारी यायची, जेवायची, मोबाइलमध्ये डोकं घालायची आणि संध्याकाळी बॅग उचलून 'चल बाबा' म्हणून जायची.

"या," तो म्हणाला. "बसा." आवाज उत्तम लागला. सतरा प्रकारच्या माणसांना रोज तोंड उघडायला लावणाऱ्याचा आवाज.

"सॉरी हं डॉक्टर, असं न सांगता आलो," गादीवाला खुर्चीत चढता चढता म्हणाला. "दुपारी दाणे खाताना कट् झालं. मला वाटलं खडा आला. बघतो तर आपलीच दाढ!" आणि तो हसला. हे त्याचं हसणं. स्वतःची दाढ फुटली तरी हसायचं, पाऊस आला तरी हसायचं, कोणी अपमान केला तर सगळ्यात आधी आपणच हसून त्याला हातभार लावायचा. "लेक म्हणाली, दुसरीकडे कुठे जायचं नाही, बाबाकडेच जा. त्याच्या हाताला तोड नाही म्हणाली."

लेक. कोणाची लेक? तो हातमोजे चढवत होता. एक बोट आत दुमडलं गेलं, ते त्याने नीट बसवलं.

"एकच विनंती होती. काळोख पडेपर्यंत मोकळा झालो तर फार बरं. आज-उद्यात आमचा तारा उतरायला लागेल असा अंदाज आहे. तुम्हाला माहितीये ना आमचं ते वेड. हिची ड्यूटी आहे रक्तपेढीत, लेक एकटीच असणार गच्चीवर."

"बघू," तो म्हणाला. "तोंड उघडा."

माणूस चेहऱ्याने वाटेल तसं खोटं बोलू शकतो. तोंडाच्या आत कोणाची मखलाशी चालत नाही, असं त्याचं मत होतं, आणि या मतावर त्याने सगळं आयुष्य रेटलं होतं. परफ्यूम मारून येणाऱ्या बायकांच्या मागच्या दाढांत कालची भाजी सापडायची. संस्कृतीवर भाषणं देणाऱ्या एका निवृत्त प्राचार्याच्या हिरड्या हात लावला की सुटायच्या. लोक त्याच्या खुर्चीत पडले की एका मिनिटात त्यांची किंमत कळायची, आणि ती बहुतेक वेळा त्याच्या अंदाजापेक्षा कमीच निघायची. गादीवाल्याचं तोंड उघडताना त्याला खरं तर सणसणीत आनंद व्हायला हवा होता. पिवळे थर, कुजकी मुळं, आळशी माणसाचं तोंड, आणि मग ते सगळं मनात घेऊन घरी जायचं. पण तोंड स्वच्छ होतं. चीड यावी इतकं स्वच्छ. फक्त खालची डावी दाढ एका जुन्या, कोणा अडाण्याने केलेल्या फिलिंगच्या कडेने उभी चिरलेली, आणि चिरेतून नस उघडी पडलेली. एक गोष्ट मात्र सापडली. सगळ्या दाढांचे माथे झिजून सपाट झाले होते, टेबलासारखे. हा माणूस झोपेत दात खात होता. रात्रभर, करकरा. दिवसा सगळ्या जगाबरोबर हसणारा हा माणूस रात्री कोणावर दात खातो? आरसा दाढेमागे धरून तो जरूरीपेक्षा जास्त वेळ ते सपाट माथे बघत राहिला. जगाला झोपवून स्वतः मात्र हा असा. बरं वाटलं.

"नस उघडी पडलीय. रूट कॅनाल," तो म्हणाला. इंजेक्शन दिलं. गादीवाल्याने डोळे मिटले, पावलं एकमेकांवर चढवली, आणि एवढं होऊनही सुई निघाल्यावर "कळलंसुद्धा नाही हो" असं म्हणाला. बधिर व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात तो बेसिनपाशी गेला आणि हात धूत राहिला, मोजे असलेले हात.

हे ताऱ्याचं प्रकरण त्याला पहिल्यांदा कळलं ते फोनवरून. मुलगी रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बोलत होती. "अहो काका, तिकडे ढग आहेत का? झाकण काढू नका मग." त्याने लक्ष दिलं नाही. 'अहो काका'मध्ये सुरक्षित अंतर होतं. शेजाऱ्यालाही माणूस तसंच म्हणतो. मग काही महिन्यांनी, त्याच ओट्याला टेकून, "अरे काका, तू बॅटरी लावलीस का चार्जिंगला?" भाजी परतताना त्याचा हात थांबला. तुम्हीचं तू झालं होतं. कधी झालं, कोणत्या दिवशी, याचा काही पत्ता नाही. वरून धडधाकट दिसणाऱ्या दातावर सळई टेकवावी आणि ती लोण्यात जावी तशी आत जावी, तसं त्याला झालं. वर्षानुवर्षं फक्त दोघांनाच ती तू म्हणायची. आईला तू, बाबाला तू. आणि आता गाद्या विकणाऱ्या एका परक्या माणसाला. जेवताना त्याने विचारलं, "कसली बॅटरी?" तर ती एकदम खुलली. स्मार्ट दुर्बीण आणलीय काकाने, छोटीशीच आहे, बाबा तू येऊन बघ ना एकदा. तिच्या तोंडात घास होता आणि ती बोलत होती. लहानपणी तिला यासाठी रागवावं लागायचं. किती दिवसांनी ती त्याच्यासमोर तोंडात घास घेऊन बोलत होती. "बघू," तो म्हणाला होता.

आणि एकदा तो गेलाही. तिचे दात त्यानेच सरळ केले होते, दोन वर्षं तारा लावून, आणि झोपताना लावायचा रिटेनर ती त्याच्याकडे विसरून गेली होती. तो कुरियरनेही पाठवता आला असता. त्याने ठरवलं, स्वतः द्यायचा. त्या फ्लॅटच्या दाराशी उभं राहून बेल दाबताना त्याच्या डोळ्यांसमोर एक चित्र तयार होतं: लांबलचक नळी, तिला डोळा लावून वाकलेला गादीवाला, ढुंगण वर. प्रत्यक्षात ते दोघं हॉलमध्ये सोफ्यावर बसले होते, पंखा चालू, समोर चहा, आणि मांडीवर टॅब. आणि दुर्बीण? ती वर गच्चीवर होती, एकटी. मुलीने त्याला जिन्याने वर नेऊन दाखवली. तीन पायांवर ठेवलेला मिक्सरच्या भांड्याएवढा पांढरा डबा. तो आपला आपण गुरगुरत मान वळवत होता. डोळा लावायला जागाच नव्हती. "तो आधी आकाशाचा एक फोटो काढतो," मुलगी सांगत होती, "त्यातले तारे ओळखतो, म्हणजे आपण कुठे बघतोय ते त्याला कळतं. मग आपल्या ताऱ्याकडे वळतो आणि फोटो काढत बसतो, एकावर एक. आपण खाली बसून मोजायचं." काय मोजायचं? तर ताऱ्याचा उजेड. पुन्हा हॉलमध्ये येऊन तिने टॅबवर दाखवलं. काळ्या पाटीवर पांढरे कण, त्यातल्या एका कणाभोवती तिने बोटाने गोल काढला. या गोलातला उजेड मोजायचा, भोवतालच्या आकाशाचा उजेड त्यातून वजा करायचा, मग शेजारचे न बदलणारे तारे घ्यायचे, ज्यांचं तेज आधीपासून ठाऊक आहे, आणि त्यांच्याशी ताडून बघायचं. "मग?" "मग एक ठिपका मिळतो." "ठिपका." "हो, आलेखावर. हे बघ ना." हा म्हणे एक तारा नाही, दोन आहेत, एकमेकांभोवती फिरणारे, काही वर्षांतून एकदा त्यातला निस्तेज तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढून जातो आणि सगळ्याचा उजेड उतरतो. कधी उतरायला लागेल ते नक्की कोणाला माहीत नाही. म्हणून जगभरातले असे रिकामटेकडे आपापल्या गच्च्यांवर डबे ठेवून ठिपके गोळा करतात आणि एका ठिकाणी पाठवतात. रिकामटेकडे हा शब्द तिचा नव्हता, त्याचा होता, पण तोवर मनातच होता. "शास्त्रज्ञांकडे दुर्बिणी नाहीत का?" त्याने विचारलं. "आहेत की. पण रोज एकाच ताऱ्याकडे बघायला त्यांना वेळ नसतो." "आणि तुम्हाला असतो." ती हसली, कारण तोवर तिला तो टोमणा वाटला नव्हता. तिने आलेख मोठा करून दाखवला. ठिपके, ठिपके, ठिपके, एका ओळीत, किंचित वरखाली, कितीतरी महिन्यांचे. तेव्हा तो म्हणाला, "हे तर पेशंट गेल्यावर मॉनिटर दिसतो तसं दिसतंय. सरळ रेघ. कोणीतरी नातेवाइकांना कळवा." आणि हसला. गादीवाला तर खदखदून हसला. "खरंय डॉक्टर, आम्ही नुसते हमाल!" असं म्हणाला, आणि वर डोळे पुसले. मुलगी म्हणाली, "सरळ आहे म्हणूनच तर—" आणि थांबली. तिने टॅब पालथा करून सोफ्यावर ठेवला. म्हणूनच तर काय, हे त्याने विचारलं नाही. परत येताना लिफ्टच्या आरशात त्याला स्वतःचा चेहरा दिसला, प्रसन्न, रात्रीच्या जेवणाला भूक लागलेला. चांगला विनोद होता तो. अजूनही त्याला तो चांगलाच वाटत होता. त्यानंतर मुलीने ताऱ्याचं नाव त्याच्यासमोर काढलं नाही.

"ओठ जड झाला?"

"झाला," गादीवाला म्हणाला, म्हणजे 'धाला'सारखं काहीतरी म्हणाला, आणि आपल्याच उच्चारावर हसला.

दाढेभोवती रबराचा पडदा ताणून बसवला की माणसाचं बोलणं संपतं. तोंड असलेला एक चौकोन उरतो आणि वर दोन डोळे. ही त्याची आवडती वेळ. सिस्टरने न सांगता तात्पुरत्या फिलिंगचं सामान काढून ठेवलं होतं, कारण अशा अवेळी आलेल्या पेशंटचं तो नेहमी तेवढंच करायचा: दुखरी नस काढायची, औषध ठेवायचं, वरून सिमेंट लावून बंद, बाकीचं पुढच्या आठवड्यात. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा रंग जात चालला होता. अजून उजेड होता, पण म्हातारा उजेड. तेवढंच केलं तर हा माणूस आत्ता सुटेल. स्कूटरला किक मारून घरी जाईल, जिने चढून गच्चीवर जाईल, आणि त्याची मुलगी म्हणेल, 'अरे काका, आलास?'

"सिस्टर, ते राहू दे," तो म्हणाला. "आज पूर्णच करू."

"पूर्ण, सर? आत्ता?"

"त्यांना परत हेलपाटा कशाला?"

सिस्टरने त्याच्याकडे बघितलं. तिला या खुर्चीची, या हातांची, या आवाजाची बरीच वर्षं सवय होती. मग तिने सिमेंटची डबी बंद केली आणि बारीक सळयांचा डबा उघडला, जरा आवाज करून. तिची बस चुकणार होती. चौकोनाच्या वरचे डोळे आधी गोंधळले, खिडकीकडे गेले, परत आले. आणि मग गादीवाल्याने चक्क अंगठा वर केला. आभार मानत होता! याला काही कळत नव्हतं, किंवा कळूनही त्याचं काही वाटत नव्हतं. दोन्ही सारखंच तिरस्करणीय होतं. उद्या कोणी विचारलं असतं तर त्याच्या वागण्यात काय दोष काढता आला असता? त्याने पेशंटसाठी जास्त वेळ दिला. दुसरा डॉक्टर उद्या या म्हणाला असता. इतका निर्दोष दुष्टपणा त्याने आयुष्यात क्वचितच केला असेल, आणि त्याला त्यात कारागिराचं समाधान होतं.

तो काम करत राहिला. सळई आत, वळवायची, बाहेर, पुसायची. पुढची सळई. कोणतीही घाई नाही. एका मुळात वळण होतं, ते त्याने इतक्या सावकाश, इतक्या सुंदर साफ केलं की वर्गात दाखवावं. बाहेर दिवे लागले. गादीवाल्याची नजर पुन्हा खिडकीकडे गेली आणि तिथेच राहिली. काय पडलंय एवढं? एक कण थोडा मंद होणार. होणारच आहे. हा बघो न बघो. घरात एक माणूस निस्तेज होत होतं तेव्हा कोणी मोजायला बसलं नव्हतं. हा विचार त्याला नको होता, पण आला. ती जाण्याआधीच्या त्या वर्षात मुलीच्या आईचा आवाज खाली खाली गेला होता. आधी ती भांडायची, मग सांगायची, मग नुसतं विचारायची, आणि शेवटी विचारायचीही थांबली. एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "तू भांडत नाहीस रे, तू हसतोस. भांडलास तरी चालेल." तेव्हा त्याने काय केलं होतं? तो हसला होता. त्यात वाईट काय होतं? वाक्यच विनोदी होतं. भांडण मागणारी बायको. ती टॉवेल हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने तो टॉवेल परत उलगडून पुन्हा घडी घातली. गादीवाला तरी काय वेगळं करतो? तोही हसतोच की. दिवसभर हसतो. ती त्याच्याबरोबर कशी राहते मग? तो सळई पुसत थांबला. हे कोडं त्याला आजवर सुटलं नव्हतं.

गादीवाल्याच्या हातातला मोबाइल थरथरला. त्याने तो डोळ्यांसमोर धरला आणि रबराच्या मागून "अं! अं!" असं काहीतरी करायला लागला. सिस्टर वाकली. "सर, ताईचा फोन आहे." गादीवाला बोटाने स्पीकरची खूण करत होता. सिस्टरने त्याच्याकडे, म्हणजे डॉक्टरकडे, बघितलंसुद्धा नाही. फोन घेतला, स्पीकर लावला आणि ट्रेच्या कडेला उभा ठेवला.

"काका, तू बोलू नकोस, तोंडात सगळं असेल तुझ्या. नुसतं ऐक." मुलगी धापा टाकत होती. "उतरतोय! खरंच उतरतोय! आधी वाटलं पातळ ढग आलाय, म्हणून शेजारचे दोन्ही बघितले, ते जिथल्या तिथे आहेत. मग वाटलं माझा गोल चुकला. परत काढला. तरी खालीच. मग नवीन फोटो होऊ दिले, तर अजून खाली! काका, सुरू झालं रे. इतके दिवस नुसती सरळ रेघ, मला तर मधे वाटलेलं आपण वेडेच आहोत. पण ती रेघ नसती तर आज हा खाली गेलाय हे कळलं असतं का कोणाला? ऐकतोयस ना?"

"अं," गादीवाला म्हणाला. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे चाललं होतं. बधिर दाढेचं ते नव्हतं.

"मी एकटीच आहे ना, म्हणून केला फोन. भीती नाही वाटत. पण असं काहीतरी होत असताना एकटीनं उभं राहायला कसंतरीच होतं." ती थांबली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि बाबाला तिथे सांगत बसू नकोस हं. तो काहीतरी बोलेल, आणि मग तू पण हसशील त्याच्याबरोबर. तू तसा हसतोस ना, ते मला अजिबात आवडत नाही. त्याचं एक जाऊ दे, तो तसाच आहे. तू कशाला हसतोस?"

लाळ ओढणारी नळी सुरूच होती. त्या नळीचा आवाज एकदम फार मोठा झाला. सिस्टर ट्रेमधल्या सळया सरळ करायला लागली, ज्या सरळच होत्या. मुलीचा तो धापा टाकणारा आवाज त्याच्या ओळखीचा होता. सायकल पहिल्यांदा चालवता आली तेव्हाचा, पहिला दात पडला तेव्हाचा, तो दात तळहातावर घेऊन ती घरभर धावली होती. त्याची समजूत होती की मुली मोठ्या झाल्या की हा आवाज जातो. तो गेला नव्हता. दुसरीकडे राहायला गेला होता.

"मी ऐकतोय," तो म्हणाला. "स्पीकरवर आहे."

पलीकडून, "हं."

"किती खाली गेला?" त्याने विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. कितीतरी वर्षांत त्याने उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न कोणाला विचारला नव्हता.

"हसतोयस तू."

"नाही. विचारतोय."

"बाबा, कळतं मला." आवाज सपाट झाला होता. "काकाला लवकर सोड. प्लीज." आणि फोन बंद झाला.

प्लीज. खुर्चीत पडलेले लोक म्हणतात तसं. त्याने सळई ट्रेमध्ये ठेवली. उरलेलं काम तसंच राहू दिलं, औषध ठेवलं, सिस्टरने न सांगताच पुढे केलेलं सिमेंट लावून दाढ बंद केली आणि रबर काढलं. आता हात घाईत होते आणि सिमेंटची कड जरा ओबडधोबड राहिली. त्याला ते दिसलं आणि त्याने ते सोडून दिलं. गादीवाल्याने चूळ भरली. बधिर ओठावरून अर्धं पाणी शर्टावर सांडलं. तो उठून उभा राहिला, मोबाइल खिशात घातला, परत काढला, परत घातला.

"डॉक्तर," तो म्हणाला, आणि जड जिभेने एकेक शब्द उचलून ठेवत राहिला, "तुम्हीपन तला ना. गादी आहे खाली. माजी गादी. इस्कूतर. लेकीला बरं वातेल."

त्याला हो म्हणायचं होतं. पुढे कितीही वेळा आठवून बघितलं तरी हे तसंच होतं: घशाशी हो होतं. तो म्हणाला, "मी येऊन काय करू? त्या ताऱ्याला भूल द्यायची असेल तर बोलवा."

गादीवाल्याचा चेहरा सवयीने पसरायला लागला. उजवा कोपरा वर गेला, गाल फुगला, घशात ती ठरलेली खदखद तयार झाली. आणि मग ती तिथेच राहिली. कोपरा खाली आला. हसू काढून ठेवल्यावर तो चेहरा भलताच दमलेला दिसला, आणि भलताच साधा. हा चेहरा त्याने कधी बघितलाच नव्हता. "नको, डॉक्तर," गादीवाला म्हणाला. चिडून नाही. दुकानात एखाद्याने बुटांसकट गादीवर पाय ठेवले तर म्हणत असेल तसं. मग मान लववून तो निघून गेला, आणि जिन्यावर त्याची पावलं दोन-दोन पायऱ्या एकदम उतरताना ऐकू आली.

सिस्टरने पर्स घेतली. "मी निघू सर?"

"सिस्टर, मघाशी फोनवर मी हसलो का?"

ती दारात थांबली. "मास्क होता ना तुम्हाला," ती म्हणाली. मग प्रामाणिकपणे विचार करून म्हणाली, "पण डोळ्यांवरून वाटलं तसं."

ती गेल्यावर त्याने मास्क काढला आणि पेशंटच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर बसला. मोबाइल काढून मुलीला मेसेज लिहायला घेतला. लिहिण्यात आवाज नसतो, डोळे नसतात. 'किती खाली गेला?' त्याने लिहिलं आणि वाचलं. वाचताना त्याला तो स्वतःच ऐकू आला, भुवई उचललेला. त्याने ते खोडलं. 'तारा कसा आहे?' हे तर त्याहून वाईट. आजारी माणसाची चौकशी करावी तसं, म्हणजे पुन्हा तोच विनोद. 'अभिनंदन.' या एका शब्दात त्याने आयुष्यभर इतकं विष घातलं होतं की तो आता निर्मळ निघणं शक्य नव्हतं. 'मी हसलो नव्हतो.' हे खरं आहे का? त्याने गालाला हात लावून बघितलं, जणू तिथे काही उरलं असेल. एकेक वाक्य तो लिहायचा आणि प्रत्येकाच्या शेवटी त्याचं ते हसू, दारात पाय अडकवून उभ्या विक्रेत्यासारखं, हजर. त्याच्याजवळ दुसरी भाषा नव्हती. मूर्ख, रिकामटेकडे, हमाल, खांब. एवढ्या सगळ्यांना त्याने इतकी वर्षं जोखलं होतं, आणि साधं 'मला सांग' म्हणायला त्याच्याजवळ तोंड नव्हतं. त्याला किळस आली, आणि या वेळी ती दुसऱ्या कोणाची नव्हती.

ट्रेमध्ये कापसाच्या गुंडाळ्या होत्या, गाल आणि दात यांच्यामध्ये ठेवायच्या. त्याने एक उचलली, मधोमध दातांत धरली आणि चावली. जीभ मागे दबली. मग त्याने मुलीचा नंबर लावला.

फोन बराच वेळ वाजला. "हं, बोल," ती म्हणाली. मागे वारा होता.

"अं," तो म्हणाला.

"बाबा? काय झालं?"

"अं."

"नीट बोल ना. दात दुखतोय का तुझा?"

कापूस कोरडा होता आणि टाळूला चिकटत होता. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासाआड ती काहीतरी ठरवत होती. ती फोन ठेवेल असं त्याला वाटलं, आणि ठेवला असता तर त्याला तिचं म्हणणं पटलं असतं.

"काका अजून पोचला नाहीये," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, सावधपणे, अंधारात पायरी चाचपावी तशी, "ऐकायचंय का तुला?"

"अं."

"मध्ये काही बोलणार नाहीस ना?"

"अं."

"बरं. मग ऐक. आत्ताच एक नवीन ठिपका आलाय." आणि ती सांगायला लागली. आधी आकडे, कोरडे, शाळेत पाठांतर म्हणून दाखवावं तसे. त्यातलं त्याला काही कळलं नाही. मग शेजारचे तारे कसे आहेत ते, मग वारा किती आहे ते, डब्याला आडोसा म्हणून तिने पलंगाची चादर कशी बांधलीय ते. आणि चादरीवरून एक विनोद, चांगला, तयार, अगदी त्याच्या ओठांशी आला. त्याने दात आवळले. कापूस हळूहळू भिजत होता. ती सांगत राहिली.